दोन मोजणारं झाड

माशी पानावर उतरते. आतून लालभडक पान, कडेला गोड रसाचा पातळ थर. चाटत चाटत पुढे सरकताना तिचा पाय एका बारीक केसाला लागतो. पान ढिम्म. दहा-बारा सेकंदांनी पाय पुन्हा केसाला लागतो आणि एका सेकंदाच्या दहाव्या हिश्श्यात पान मिटतं!

मेंदू नाही, मज्जातंतू नाहीत, तरी या झाडानं दोन मोजले. कसे?

व्हीनस फ्लायट्रॅपच्या सापळ्याला दोन पाळ्या असतात आणि प्रत्येक पाळीवर साधारण तीन केस. केस वाकला की विजेची एक लहर पानभर धावते. ही लहर इंग्लंडमध्ये जॉन बर्डन-सँडरसन यांनी १८७३ सालीच टिपली होती. त्यांना या झाडाच्या मागे लावलं होतं डार्विननं. लहर आली की पेशींतलं कॅल्शियम वाढतं आणि लगेच ओसरू लागतं. ते पुरतं ओसरायच्या आत दुसरी लहर आली, तरच पातळी हवी तितकी चढते आणि सापळा मिटतो. वीस-तीस सेकंद काहीच घडलं नाही, तर पहिला स्पर्श झालाच नव्हता म्हणायचं. झाडाची आठवण म्हणजे हे ओसरणारं कॅल्शियम. पावसाचा एखादा थेंब किंवा वाऱ्यानं उडालेला कचरा केसावर आपटला, तर झाड उगाच दार लावत बसत नाही.

पण स्नायूंशिवाय इतकी चपळाई? केसांना लावायची ती पत्र्याची टिकटिक पिन आठवा. जरा दाबली की टक्कन उलट्या बाजूला वळते. उघड्या सापळ्याच्या पाळ्याही अशाच बाहेरच्या बाजूला ताणून वळलेल्या असतात. पेशींतल्या पाण्याच्या दाबात थोडा फरक पडला की बाक उलटतो, पुढचं काम तो साठवलेला ताणच करतो.

आता माशी आत आहे, पण जेवण अजून सुरू झालेलं नाही. कडेचे दात एकमेकांत अडकले तरी मधे फटी राहतात. चिलटाएवढं काही सापडलं तर ते फटीतून निसटतं. एवढ्याशा घासासाठी आठवडा घालवणं परवडत नाही, असा डार्विनचा तर्क होता. मोठी माशी मात्र धडपडते, आणि प्रत्येक धडपडीत केस वाकतात. जर्मनीतल्या वुर्झबर्ग विद्यापीठात राइनर हेडरिख यांच्या गटानं २०१६ मध्ये दाखवून दिलं, की पाच स्पर्शांच्या आसपास पाचकरस बनवायची तयारी सुरू होते. स्पर्श जितके जास्त, तितका रस जास्त. म्हणजे भक्ष्य स्वतःच स्वतःचं माप देतं! मग कडा घट्ट चिकटतात, पानाचं पोट होतं आणि आठ-दहा दिवसांनी ते उघडतं तेव्हा आत नुसतं टरफल उरलेलं असतं.

एवढा चिक्कूपणा कशासाठी? त्याचं गाव बघा. जगात हे झाड मूळचं एकाच ठिकाणचं, अमेरिकेतल्या उत्तर आणि दक्षिण कॅरोलायनाच्या किनारपट्टीवरचं. विल्मिंग्टन शहराच्या आसपासच्या पाइनच्या माळांवर ओली, आम्लधर्मी, वाळूमिश्रित जमीन आहे आणि तिच्यात नायट्रोजन जवळपास नाहीच. अन्न सगळ्या झाडांसारखं हेही उन्हातच शिजवतं. माशी म्हणजे त्याचं जेवण नव्हे, खत! १७६० च्या सुमारास उत्तर कॅरोलायनाचे गव्हर्नर आर्थर डॉब्स यांनी लंडनला पत्रातून या अचाट झाडाची बातमी कळवली. आज तिथून ते चोरून उपटणं गंभीर गुन्हा आहे, म्हणून विकत घेताना रोपवाटिकेत वाढवलेलंच घ्या.

घरी आणलं की आपण काय करतो? लाल माती, मूठभर शेणखत, नळाचं पाणी. तीनही गोष्टी त्याच्या मुळावर येतात. पिढ्यान्‌पिढ्या उपाशी जमिनीत वाढलेल्या मुळांना क्षार सोसत नाहीत. पीट मॉस आणि परलाइट, दोन्ही खत न मिसळलेले, एवढंच कुंडीत भरा. कुंडी प्लास्टिकची बरी. मातीच्या कुंडीतून क्षार झिरपतात. पाणी पावसाचं किंवा डिस्टिल्ड. घरच्या आरओचं पाणी निर्धास्त ओतू नका, कारण बऱ्याच यंत्रांत चवीसाठी क्षार परत मिसळलेले असतात. टीडीएस मोजा, ५० च्या आत हवा. कुंडीखालच्या ताटलीत बोटाच्या पेरभर पाणी ठेवा. आपल्याकडे चार महिने हे पाणी आभाळातून फुकट पडतं. पहिल्या सरींची धूळ धुऊन गेली की पिंपं भरून ठेवायची.

ऊन भरपूर, रोज पाच-सहा तास थेट. एप्रिल-मेच्या दुपारी तेवढी जाळीची सावली. सापळ्यात बोट घालायचा मोह आवरा. एकेक सापळा आयुष्यात मोजक्याच वेळा मिटतो आणि तुमच्या गमतीची किंमत तो त्यातून चुकवतो. माशा ते स्वतः पकडतं. चिकनचा तुकडा तर नकोच, सापळाच कुजेल.

आणि सगळ्यात अवघड गोष्ट म्हणजे थंडी. कॅरोलायनात हे झाड हिवाळ्यात तीन-चार महिने झोपतं. पानं काळी पडतात, जमिनीखालचा पांढरा कंद तेवढा जागता राहतो. नाशिककडच्या गच्चीवर कदाचित भागेल, पण मुंबईत डिसेंबरमध्येही पंखा लागतो. तिथले हौशी लोक सरळ फ्रीज वापरतात. कंद धुऊन, ओलसर स्फॅग्नम मॉसमध्ये गुंडाळून, पिशवीत घालून खालच्या कप्प्यात ठेवायचा आणि अधूनमधून बुरशी आली का ते पाहायचं. पिशवीवर ठळक अक्षरांत नाव लिहा, नाहीतर एखाद्या सकाळी ते पातीच्या कांद्याबरोबर पिठल्यात जाईल.