शिरगावचे लोह : दगडातील, विहिरीतील आणि भातशेतातील

गोव्याच्या डिचोली तालुक्यातील शिरगाव हे गाव श्री लईराई देवीच्या जत्रेमुळे सर्वपरिचित आहे. वैशाख शुद्ध पंचमीस भरणाऱ्या या जत्रेस दूरदूरचे व्रतस्थ धोंड आणि भाविक येतात. गावाची दुसरी ओळख लोहखनिजाची आहे. पोर्तुगीज राजवटीत दिलेल्या खाणसवलतींचे १९८७ च्या कायद्याने पट्ट्यांत रूपांतर झाले. २०१२ साली राज्यातील खाणकाम थांबले. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने ८८ पट्ट्यांचे नूतनीकरण रद्द ठरविले. आणि डिसेंबर २०२२ मध्ये ज्या पहिल्या खाणपट्ट्यांचा लिलाव झाला त्यांत ‘शिरगाव-मये’ व ‘मोंत द शिरगाव’ हे दोन या परिसरातील होते. या सर्व घडामोडींत ग्रामस्थांचा प्रश्न मात्र पाण्याचा व शेतीचा राहिला. खाणीचा खड्डा खोल गेला, त्यातील पाणी सतत उपसले गेले, की आसपासची भूजलपातळी खाली जाते व उथळ विहिरी आटतात. शिरगावच्या विहिरींची हीच तक्रार न्यायालयापर्यंत गेली.

पाणी किती आहे हा एक प्रश्न झाला. पाण्यात काय आहे हा दुसरा; आणि लोहाच्या प्रदेशात तो विशेष महत्त्वाचा आहे. डोंगराचा डोंगर लोहाचा असूनही त्यावरून वाहणाऱ्या झरीचे पाणी निर्मळ असते, तर कोठे एखाद्या कूपनलिकेचे पाणी काढताना स्वच्छ दिसते आणि घागरीत चार तास राहिले की तांबूस होते. एकच लोह दोन ठिकाणी असे निरनिराळे का वागते, हे समजून घेण्यासाठी रसायनशास्त्रातील दोन कल्पना पुरेशा आहेत : घन पदार्थातील अणूंचे बंधन आणि रासायनिक समतोल.

समतोलाचे उत्तम उदाहरण शेजारच्या पेडणे तालुक्यात, आगरवाड्याच्या मिठागरांत पाहावयास मिळते. समुद्राचे पाणी वाफ्यांत घेऊन उन्हाने आटविले जाते. मूळ पाण्याचा सुमारे दशांश भाग उरेपर्यंत मीठ दिसत नाही. मग मात्र स्फटिक पडू लागतात, कारण पाण्यात मावेल तेवढे मीठ मावलेले असते. शंभर ग्रॅम पाण्यात सुमारे ३६ ग्रॅम मीठ मावते. या अवस्थेत विरघळण्याची क्रिया थांबते असे समजण्याचा प्रघात आहे. वस्तुतः ती थांबत नाही. स्फटिकावरील कण पाण्यात जातच असतात आणि पाण्यातील तितकेच कण स्फटिकावर येऊन बसत असतात. जाणारे व येणारे सारखे झाले म्हणजे बाहेरून काहीच घडत नाहीसे वाटते. यालाच समतोल म्हणतात. ऊन पडले, पाणी उडाले, की हा समतोल स्फटिकाच्या बाजूस ढळतो. पावसाची सर आली की उलट बाजूस. परिस्थितीत बदल केला असता समतोल त्या बदलाचा परिणाम कमी होईल अशा दिशेस सरकतो, हा नियम फ्रेंच शास्त्रज्ञ ल शातेलिए यांनी १८८४ साली मांडला. आगरावर काम करणाऱ्यास तो नियम नावाने नसला तरी अनुभवाने ठाऊक असतो.

शिरगावच्या डोंगरातील मुख्य खनिज हेमॅटाइट होय. ते लोह आणि ऑक्सिजन यांचे संयुग असून शुद्ध स्थितीत त्यात वजनाने सुमारे ७० टक्के लोह असते. त्याच्या जोडीस गोएथाइट हे पाण्याचा अंश असलेले पिवळसर-तपकिरी खनिज आढळते. त्यात लोह सुमारे ६३ टक्के. हेमॅटाइटच्या स्फटिकात प्रत्येक लोह-अणूभोवती सहा ऑक्सिजन-अणू असतात. मिठाच्या स्फटिकात सोडियमवर एक धनभार व क्लोरीनवर एक ऋणभार असतो. हेमॅटाइटमध्ये लोहावर तीन धनभार आणि ऑक्सिजनवर दोन ऋणभार. केवळ भारांचा हिशेब केला तरी आकर्षण सहापट होते, शिवाय अंतर कमी आणि इलेक्ट्रॉनांची काही प्रमाणात भागीदारीही असते. पाण्याचे रेणू मिठाचा कण ओढून काढू शकतात. हेमॅटाइटमधून लोह ओढून काढण्याची शक्ती त्यांच्यात नाही. येथेही समतोल असतोच, पण तो जवळजवळ पूर्णतः घन पदार्थाच्या बाजूस झुकलेला असतो. म्हणून लाल डोंगरावरून आलेले पाणी पिऊन कोणाच्या पोटात लोह जात नाही. पावसाळ्यात ओहोळ लाल दिसतो तो विरघळलेल्या लोहामुळे नव्हे, तर न विरघळता तरंगणाऱ्या सूक्ष्म कणांमुळे.

मुळात हा डोंगर इतका लोहसंपन्न झाला तोही याच कारणाने. मूळ खडक लोह व गारगोटी यांच्या एकाआड एक पट्ट्यांचा होता. गारगोटी, म्हणजे सिलिका, पाण्यात अत्यल्प विरघळते : लिटरला केवळ काही मिलिग्रॅम. तेवढ्यावर पाणी साचून राहिले असते तर समतोल साधला जाऊन विरघळणे तेथेच संपले असते. परंतु गोव्यात वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो; सिलिका घेतलेले पाणी वाहून जाते आणि त्याच्या जागी नवे, रिकामे पाणी येते. समतोल कधी होऊच दिला जात नाही. लक्षावधी वर्षे हे चालले, सिलिका निघून गेली, न विरघळणारे लोह मागे राहिले. घरांसाठी काढला जाणारा जांभा दगडही असाच मागे राहिलेल्या लोह व ॲल्युमिनियमचा आहे. चिरेखाणीतून काढताना तो कुऱ्हाडीने तासता येण्याइतका मऊ असतो आणि उघड्यावर ठेवल्यावर टणक होतो, कारण त्यातील पाणी निघून जाऊन लोहाची संयुगे स्फटिकरूप होतात व मातीचे कण एकमेकांस सांधतात. फ्रान्सिस बुकॅनन यांनी १८०७ साली त्यास विटेच्या लॅटिन नावावरून ‘लॅटराइट’ असे नाव दिले. मलबारात या दगडाच्या विटा पाडतात हे त्यांनी पाहिले होते; कोकणातील कोणत्याही घराची भिंत पाहूनही त्यांना तेच नाव सुचले असते.

लोहाचे दुसरे रूप

मग पाण्यात लोह येते कोठून? लोहाची दोन रूपे आहेत. तीन धनभारांचे ते फेरिक, दोन धनभारांचे ते फेरस. फेरिक लोह सर्वसाधारण पाण्यात विरघळत नाही म्हटले तरी चालेल. फेरस लोह सहज विरघळते. एका इलेक्ट्रॉनचा हा फरक आहे. जेथे हवा पोहोचते तेथे फेरिक रूप टिकते. जेथे हवा पोहोचत नाही आणि कुजणारा पालापाचोळा असतो, तेथील जीवाणू श्वसनासाठी ऑक्सिजनऐवजी फेरिक लोहाचा उपयोग करतात, त्यास इलेक्ट्रॉन देतात आणि घट्ट बांधलेले लोह फेरस होऊन पाण्यात उतरते. या क्रियेस क्षपण म्हणतात.

उघड्या विहिरीचे वरचे पाणी हवेच्या संपर्कात असल्याने त्यात विरघळलेले लोह बहुधा कमी असते. खोल कूपनलिकेच्या पाण्यास ही सोय नाही. उथळ विहीर आटली म्हणून खोल पाणी घ्यावे लागते तेव्हा पाण्याची जागाच नव्हे, त्याचे रसायनही बदलू शकते. ही गोष्ट नळयोजना आखणाऱ्या अधिकाऱ्यांनी प्रारंभीच ध्यानात घ्यावी, म्हणजे नव्या कूपनलिकेच्या पाण्याची तपासणी लोकांनी तक्रार करण्याच्या आधी होईल. लोहयुक्त पाण्याची खूण घरातही पटते. चहा काळपट होतो, कपड्यांवर तांबडे डाग पडतात, पाण्यास धातूची रुची येते. चहातील टॅनिन लोहाशी संयोग पावून काळे निळसर संयुग बनते. लोखंडी विळीवर केळफूल चिरताना पाते व बोटे काळी होतात तीही याच संयुगामुळे, आणि हिरडा व हिराकस यांपासून पूर्वी शाई होत असे तीही हीच. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात २०१२ साली लोहाची मर्यादा लिटरला ०.३ मिलिग्रॅम होती. २०१५ च्या दुरुस्तीने ती १ मिलिग्रॅम करण्यात आली. ही मर्यादा मुख्यतः रुची, रंग व डाग यांसाठी आहे.

असे पाणी सुधारण्याचा मार्ग त्याच्या रसायनातच आहे. त्यास हवा द्यावयाची. एक मिलिग्रॅम फेरस लोहाचे फेरिकमध्ये रूपांतर करण्यास ०.१४ मिलिग्रॅम ऑक्सिजन लागतो, आणि हवेशी नीट मिसळलेल्या लिटरभर पाण्यात उन्हाळ्यातही सुमारे ८ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो. म्हणजे ऑक्सिजनची उणीव कधीच पडत नाही. पाणी उंचावरून पातळ धारेने एका भांड्यातून दुसऱ्यात ओतावे, रात्रभर स्थिर ठेवावे आणि वाळूच्या थरातून गाळावे. तांबडा साका वाळूत अडकतो.

तथापि अनेक ठिकाणी हा उपाय केल्यावरही दुसऱ्या दिवशी गाळलेले पाणी पुन्हा तांबूस झालेले आढळते, आणि लोक वाळूस दोष देतात. दोष वाळूचा नसतो. समतोल कोणत्या बाजूस आहे आणि तेथवर पोहोचण्यास किती वेळ लागतो, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हवा मिळालेल्या पाण्यात समतोल फेरिकच्याच बाजूस असतो. पण तिकडे जाण्याचा वेग पाण्याच्या सामूवर अवलंबून असतो. सामू एका अंकाने घसरला की हा वेग सुमारे शंभरपट मंदावतो. सामू ७ असताना जे काम तासाभरात होईल त्यास सामू ६ असताना चार दिवस लागतील. जांभ्या खडकातील पाणी बहुधा आम्लधर्मी असते. अशा पाण्यास हवेबरोबर थोड्या चुन्याची जोड द्यावी लागते. शिंपल्यांचा चुनाही चालतो. प्रमाण मात्र अंदाजाने ठरवू नये. पाण्याचा सामू ६.५ ते ८.५ यांमध्ये राहावा असे मानक आहे, आणि प्रयोगशाळेत तपासून घेतल्याखेरीज सार्वजनिक टाकीत चुना टाकणे इष्ट नाही. गोव्याच्या खनिजात मँगॅनीजही असते. ते केवळ हवा दिल्याने सुटत नाही. त्यास निराळा उपचार लागतो, म्हणून तपासणी करताना लोहाबरोबर त्याचेही प्रमाण मागून घ्यावे.

भातशेतात

विहिरीत जे नको असते ते भाताच्या खाचरात दरवर्षी घडते, आणि काही अंशी हवेही असते. पाणी साचल्यावर मातीतील ऑक्सिजन एकदोन दिवसांत संपतो. मग जीवाणू प्रथम नायट्रेट, नंतर मँगॅनीज आणि त्यानंतर फेरिक लोह यांचा उपयोग करतात. फेरिक लोहाचे क्षपण होताना आम्ल खर्ची पडते. त्यामुळे लाल आम्लधर्मी जमिनीचा सामू काही आठवड्यांत आपोआप उदासीनतेकडे चढतो. कोरड्या लाल मातीत लोहाने धरून ठेवलेला स्फुरद याच वेळी मोकळा होऊन भातास मिळतो. सरद व वायंगण या दोन्ही हंगामांत भातास साचलेले पाणी मानवते याचे हे एक कारण आहे.

फेरस लोह प्रमाणाबाहेर वाढले म्हणजे मात्र पीक अडचणीत येते. खालच्या पानांवर टोकाकडून बारीक तपकिरी ठिपके दिसू लागतात, पान तांबेरी रंगाचे होते, फुटवे कमी येतात. भाताचे रोप यास सर्वस्वी असहाय नसते. त्याच्या खोडातील पोकळ मार्गांनी हवा मुळांपर्यंत जाते व मुळाबाहेर पडते. तेथे फेरस लोह फेरिक होऊन मुळावर तांबडे पुट चढते आणि लोह बाहेरच अडते. उपटलेल्या रोपाची मुळे तांबडी दिसली तर ती निरोगी श्वसनाची खूण आहे. ती काळी पडून कुजकट वास आल्यास काळजी करावी. अशा शेतातील पाणी काही दिवस काढून जमिनीस हवा द्यावी, स्फुरद व पालाश यांची उणीव भरून काढावी. कच्चा हिरवा पाला लावणीच्या तोंडावर गाडणे अशा शेतात हानिकारक ठरते, कारण तो जीवाणूंस भरपूर अन्न पुरवितो व क्षपण वाढते. चांगले कुजलेले शेणखत घालावे.

खाचरातील पाण्यावर कधी कधी इंद्रधनुषी साय दिसते आणि ती खाणयंत्रांच्या तेलाची आहे असा समज होतो. काडीने स्पर्श करून पाहावे. लोहाची साय काचेसारखी तुकड्यातुकड्यांत फुटते. तेलाची साय फुटत नाही, पुन्हा जुळून येते. तक्रार करण्यापूर्वी एवढी पारख केल्यास खरी तक्रार अधिक बळकट होते.

खाणीच्या ढिगाऱ्यांवरून वाहून आलेल्या गाळाविषयी थोडे विस्ताराने सांगणे आवश्यक आहे. हा गाळ लालभडक असतो, म्हणून तो शेतात लोहाचे विष कालवितो असे मानले जाते. गाळाने नुकसान होते हे निःसंशय. पण ते बव्हंशी निराळ्या रीतीने होते. त्याचे कण अतिसूक्ष्म असल्याने ते मातीची छिद्रे बुजवितात, वाळल्यावर कठीण पापुद्रा धरतात, आणि त्यांत सेंद्रिय अंश नसल्यासारखाच असतो. त्यातील लोह स्फटिकरूप हेमॅटाइटचे असते आणि जीवाणूंस ते फार सावकाश फोडता येते. ओहोळात नुकताच बसलेला नारिंगी, मऊ, बुळबुळीत साका मात्र स्फटिकरूप नसतो. त्यातील अणूंची मांडणी सैल व अव्यवस्थित असल्याने तो पाणी साचताच झपाट्याने फेरस होतो. रंग गडद म्हणून धोका अधिक, हा निकष येथे उपयोगी पडत नाही.

शाळेत हा फरक दाखविता येतो. दोन बाटल्यांत पाणी घेऊन एकीत खाणीचा लाल गाळ व दुसरीत ओहोळातील नारिंगी साका समान प्रमाणात घालावा, दोहोंत चिमूटभर गूळ व थोडी शेतातील माती टाकावी, काठोकाठ पाणी भरून बुचे सैलसर लावावीत आणि सावलीत ठेवावे. नारिंगी साक्याचा रंग काही दिवसांत करडा होऊ लागतो. लाल गाळ दीर्घकाळ लालच राहतो. करड्या बाटलीतील वरचे स्वच्छ पाणी अलगद काढून त्यात हिरड्याच्या काढ्याचे थेंब टाकल्यास ते हवा लागताच काळे निळसर होते. उरलेले पाणी उघड्या वाटीत ठेवले तर सकाळपर्यंत तळाशी पुन्हा तोच नारिंगी साका बसलेला विद्यार्थ्यांस दिसेल.