जपमाळेतील बिया आणि मणी
जपमाळेत बहुधा १०८ मणी असतात आणि त्यांखेरीज एक मेरुमणी. हिंदू प्रथेत जप करताना मेरू ओलांडत नाहीत, तेथून माळ उलट फिरवतात.

शैवांत मान रुद्राक्षाचा. तो एलिओकार्पस प्रजातीतील झाडाच्या फळाची आठळी असतो. पिकलेले फळ झळझळीत निळे दिसते, आणि नवल असे की हा निळा रंगद्रव्यातून नव्हे, तर सालीच्या सूक्ष्म रचनेवरून परावर्तित होणाऱ्या प्रकाशातून येतो. गर काढल्यावर उरलेल्या खडबडीत आठळीवरील उभ्या खाचांवरून मुखे मोजतात. पंचमुखी सर्वांत विपुल. बाजारातील बराच माल नेपाळ व इंडोनेशियाचा असतो.

वैष्णव तुळशीकाष्ठाचे मणी वापरतात. वारकऱ्यांच्या गळ्यातली माळ याच मण्यांची.

तिबेटी बौद्धांच्या माळेतील ‘बोधिबीज’ पिंपळाचे असावे असा समज आहे, पण पिंपळाचे बी ओवता येणार नाही इतके बारीक असते. नेपाळमधील काभ्रेपलाञ्चोक जिल्ह्यातील प्रसिद्ध बोधिमणी बोराच्या कुळातील एका झाडाच्या आठळ्या असून, २०१५ मध्ये त्या झाडाची नवी जाती म्हणून नोंद झाली. त्याला झिझिफस बुधेन्सिस असे नाव मिळाले.

वैजयंतीचे मणी एका गवताचे. त्यांना निसर्गतःच आरपार छिद्र असल्याने ते न टोचता ओवता येतात.