नकाशात नसलेली स्टेशने : काल्पनिक लघुरेल्वेची आखणी आणि नामकरण

लघुरेल्वे म्हणजे खऱ्या रेल्वेची ठरावीक प्रमाणात लहान केलेली, प्रत्यक्ष धावणारी प्रतिकृती. या छंदात पहिल्यापासून दोन वाटा राहिल्या आहेत. एका वाटेचा हौशी एखादे खरे स्टेशन आणि त्याचे एक विशिष्ट वर्ष निवडतो आणि जुने नकाशे, छायाचित्रे व वेळापत्रके जमवून ते जसेच्या तसे उभारतो. दुसरा कधी बांधलीच न गेलेली रेल्वे बांधतो, तिच्यावरची गावे वसवतो आणि त्यांना नावे देतो. दुसऱ्या वाटेवर चूक काढणारा कोणी नसल्यामुळे ती सोपी समजली जाते, परंतु हा समज फारसा टिकत नाही. खऱ्या स्टेशनात तिसरा रूळ का आहे याचे कारण प्रतिकृती करणाऱ्याला ठाऊक नसले तरी चालते, कारण तो रूळ तिथे होता एवढे पुरेसे असते. काल्पनिक स्टेशनातल्या प्रत्येक रुळाचे कारण मात्र कर्त्यालाच द्यावे लागते आणि ते त्याच्याजवळ नसेल तर पाहणाऱ्याला ते चटकन जाणवते.

पहिली अडचण जागेची असते. सर्वांत रुळलेल्या 'एच-ओ' प्रमाणात प्रतिकृती मूळ वस्तूच्या ८७व्या हिश्श्याएवढी असते. नेरळ–माथेरान हा जेमतेम २१ किलोमीटरचा मार्ग या प्रमाणात उतरवायचा म्हटला, तरी सुमारे २४० मीटर लांबीचे दालन लागेल. वीस डब्यांची एक्स्प्रेस पाच मीटरांहून लांब भरेल आणि तिच्यासाठी फलाटही तेवढाच लागेल. घरात एवढी जागा कोणाकडेच नसते, म्हणून लघुरेल्वेची आखणी ही मुळात काय गाळायचे हे ठरवण्याची विद्या आहे. अमेरिकेतील जॉन आर्मस्ट्राँग यांनी तिला शास्त्राचे रूप दिले. १९६३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या आखणीविषयीच्या पुस्तकात खोलीचे दार, खिडकी, खांब यांसारख्या न बदलणाऱ्या गोष्टी एका बाजूला आणि मनातल्या इच्छा दुसऱ्या बाजूला मांडून मगच पेन्सिल हाती घेण्याची शिस्त आहे. वळणाची किमान त्रिज्या हे एकक धरून खोलीचे चौकोन पाडायचे आणि इच्छेतला मार्ग त्या चौकोनांत बसतो का ते आधी पाहायचे, ही त्यांची रीत आजही वापरली जाते. त्यांची स्वतःची 'कॅनंडेग्वा सदर्न' ही रेल्वे काल्पनिकच होती, पण कॅनंडेग्वा हे न्यूयॉर्क राज्यातले खरे गाव आहे.

जागेनंतर हेतूचा प्रश्न येतो. फ्रँक एलिसन या रंगभूमीचा अनुभव असलेल्या अमेरिकी गृहस्थांनी १९४०च्या दशकात आपल्या 'डेल्टा लाइन्स'विषयी लिहिताना अशी भूमिका मांडली, की गाड्या ही पात्रे, गावे हे रंगमंच आणि वेळापत्रक ही संहिता होय. गोल गोल फिरणारी गाडी पाच मिनिटांत कंटाळवाणी होते, हे ज्याने घरी खेळण्यातली आगगाडी पाहिली आहे त्याला सांगायला नको. गाडीला कुठून तरी काही घेऊन कुठे तरी जायचे असेल तरच तिच्याकडे पाहावेसे वाटते. इंग्लंडमधील ॲलन राइट यांचे 'इंगलनूक' नावाचे कोडे या तत्त्वाचा सर्वांत लहान नमुना आहे : पाच, तीन आणि तीन वाघिण्या मावतील असे तीन रूळ, एकूण आठ वाघिण्या आणि चिठ्ठ्या काढून ठरलेल्या क्रमाने पाच वाघिण्यांची गाडी जुळवण्याचे काम. एका फळीवर मावणाऱ्या या यार्डात अशा ६,७२० वेगवेगळ्या गाड्या जुळू शकतात.

सिरिल फ्रीझर यांनी १९५७ साली 'रेल्वे मॉडेलर' मासिकात दिलेला 'मायनोरीज' हा आराखडाही असाच काटकसरीचा आहे. लंडनच्या जुन्या व्यापारी भागातले, दाटीत कोंबलेले एक अंत्यस्थानक त्यात कल्पिले आहे. फलाटांच्या तोंडाशी असलेले सांधे, म्हणजे गाडीला एका रुळावरून दुसऱ्या रुळावर नेणारी सरकती जोडणी, त्यांनी अशा चातुर्याने बसवले की प्रत्येक फलाटावर गाडी येऊही शकते आणि तिथून सुटूही शकते. मायनोरीज हा लंडनमधला खरा रस्ता आहे. स्टेशन तेवढे खोटे. आराखडा आणि नाव इथे एकाच निर्णयातून आलेले दिसतात, कारण जागा अपुरी का, याचे उत्तर नावातच आहे. काल्पनिक रेल्वेचे उत्तम नाव पाटी रंगवायच्या वेळी सुचत नाही, ते आखणीच्या पहिल्या कागदावर असावे लागते, असे मत या उदाहरणावरून बनते आणि पुढची बहुतेक उदाहरणे त्याला बळ देतात.

याच्या उघड विरोधात जाणारे उदाहरण म्हणजे जॉन ॲलन यांची कॅलिफोर्नियातील माँटरे येथील 'गॉर अँड डॅफीटिड'. हे नाव मोठ्याने उच्चारले की 'रक्तबंबाळ आणि पराभूत' अशा अर्थाचे इंग्रजी शब्द ऐकू येतात. जमिनीपासून छतापर्यंत उभारलेले कडे, दऱ्या आणि पूल यांमुळे ही मांडणी जगभर गाजली. यार्डात शंटिंग करण्याच्या कामी त्यांनी एमा नावाचा एक डायनोसॉरही ठेवला होता. जानेवारी १९७३ मध्ये ॲलन वारले आणि काही दिवसांतच आगीत ती मांडणी नष्ट झाली. कारागिरी अजोड, पण नाव थट्टेचे. आणि थट्टा दहाव्यांदा ऐकली की फिकी पडते, ही टीका त्यांच्या चाहत्यांनाही नाकारता आलेली नाही. जॉन अहर्न यांची इंग्लंडमधील 'मॅडर व्हॅली' हीदेखील विनोदाकडे झुकते, परंतु तिथला विनोद नकाशाच्या बोलीत आहे. तिच्यावरील 'गॅमन मॅग्ना' या गावाच्या नावातला लॅटिन शेपटा आपल्याकडच्या 'बुद्रुक'चे काम करतो आणि इंग्रजी खेड्यांत असे शेपटे खरोखरच आढळतात. ही मांडणी आता लाँग विटनम येथील पेंडन संग्रहालयात आहे. त्याच संग्रहालयात रॉय इंग्लंड यांच्या कल्पनेतून साकारलेले 'पेंडन पार्व्हा', म्हणजे आपल्या भाषेत 'पेंडन खुर्द', हे खेडेही आहे. खेडे काल्पनिक असले तरी त्यातली घरे त्या परिसरातल्या खऱ्या घरांवरून एकेक करून मोजमापाने केलेली आहेत.

नाव खऱ्या जगाच्या रीतीने घडवण्याचा धडा अमेरिकेतील ॲलन मॅकलेलंड यांनी दिला. ओहायो राज्यातील डेटन येथे आपल्या तळघरात त्यांनी 'व्हर्जिनियन अँड ओहायो' ही कोळसा वाहणारी रेल्वे उभारली. दोन टोकांच्या ठिकाणांची नावे जोडून कंपनीचे नाव करण्याची 'बाल्टिमोर अँड ओहायो'सारखी खरी पद्धत त्यांनी पाळली, त्यामुळे ही कंपनी खरीच असावी असा भास नवख्याला होतो. त्यांचा अधिक महत्त्वाचा विचार असा, की दिसणारी मांडणी हा एका मोठ्या जाळ्याचा तुकडा मानावा. पडद्याआड लपवलेल्या रुळांवर गाड्या उभ्या करायच्या आणि त्या दूरच्या खऱ्या शहरांतून आल्या असे मानून वेळेवर आत आणायच्या, म्हणजे तळघराच्या भिंतीपाशी रेल्वे संपत नाही. त्यांच्यामुळे प्रभावित झालेल्या टोनी कोस्टर यांनी 'ॲलेघनी मिडलंड' ही तशीच काल्पनिक रेल्वे कितीतरी वर्षे चालवली आणि पुढे ती स्वतःच मोडून एका खऱ्या कंपनीच्या मार्गाची प्रतिकृती हाती घेतली. कल्पनेचा भार वाहणे वास्तवाच्या नकलेपेक्षा जड असू शकते, हे यातून कळते.

रेव्हरंड पीटर डेनी यांची 'बकिंगहॅम' ही या प्रकारातली सर्वांत निर्दोष कृती म्हणावी लागेल. बकिंगहॅम हे खरे गाव आणि ग्रेट सेंट्रल ही खरी रेल्वे कंपनी. १८९९ साली लंडनपर्यंत पोहोचलेल्या या कंपनीने बकिंगहॅमलाही एक फाटा नेला असता तर, एवढाच एक 'तर' डेनी यांनी घेतला आणि १९४०च्या दशकापासून पुढची सारी हयात १९०७च्या सुमारासच्या त्या फाट्यावर घालवली. एका कल्पनेवर दुसरी चढवण्याचा मोह त्यांनी टाळला. लपवलेल्या यार्डातील गाड्या लावण्याचे काम पुढे एका यंत्राकडे आले आणि त्या यंत्राला त्यांनी आपल्या मुलाचे, क्रिस्पिनचे, नाव दिले.

दुसरे पाद्री विल्बर्ट ऑड्री यांची गोष्ट याच्या उलट दिशेने घडली. १९४५ पासून निघालेल्या त्यांच्या आगगाडीच्या बालकथांचे वाचक चित्रांतल्या आणि वर्णनांतल्या विसंगती पत्रांनी कळवू लागले, तेव्हा त्यांना या गाड्यांसाठी एक पक्के स्थळ हवे झाले. आयरिश समुद्रातील आइल ऑफ मॅन बेटाच्या बिशपला 'सोडोर आणि मॅन'चा बिशप म्हणतात. मॅन बेट आहे, पण सोडोर नावाचे बेट नकाशावर कुठेच नाही, हे त्यांच्या ध्यानात आले. मॅन बेट आणि इंग्लंडचा किनारा यांच्यामध्ये त्यांनी सोडोर बसवले आणि भाऊ जॉर्ज यांच्या मदतीने त्या बेटाचा इतिहास, भूगोल आणि गावांची नावे शेजारच्या मॅन बेटाच्या वळणाने रचली. याउलट हॅम्बुर्गच्या २००१ साली उघडलेल्या प्रचंड लघुरेल्वे प्रदर्शनात क्नुफिंगन हे काल्पनिक शहर आहे आणि २०११ पासून त्याला विमानतळही आहे. तिथे आकार दिपवून टाकतो, पण 'हे शहर इथेच का' हा प्रश्न कोणी विचारत नाही.

पुण्यात कोथरूडला १९९८ पासून असलेल्या जोशी यांच्या लघुरेल्वे संग्रहालयामुळे ही कला मराठी वाचकाला अगदीच अपरिचित नाही. मात्र आपली रेल्वे आखू पाहणाऱ्याला इथे एक तांत्रिक अडचण भेटते. गेज म्हणजे दोन रुळांमधले अंतर. भारतीय ब्रॉडगेजचे १,६७६ मिलिमीटर एच-ओ प्रमाणात सुमारे १९.३ मिलिमीटर होतात, तर बाजारात मिळणारे रूळ युरोपी गेजचे, १६.५ मिलिमीटरचे असतात. त्यामुळे गाडी भारतीय आणि रूळ परके अशी तडजोड करावी लागते. नॅरोगेजची गोष्ट वेगळी. बार्शी लाइट रेल्वेचे ७६२ मिलिमीटरचे गेज त्याच प्रमाणात पावणेनऊ मिलिमीटर येते आणि नऊ मिलिमीटरचे रूळ सर्वत्र मिळतात. अशा रुळांवर वळणे घट्ट घेता येतात, गाड्या आखूड असतात आणि पलंगाएवढ्या फळीवर एक अख्खे स्टेशन मावते. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप यांनी १८९७ साली सुरू केलेल्या बार्शी मार्गावर प्रत्येक आसावर जास्तीत जास्त पाच टन भार ठेवून हलक्या रुळांवर भरपूर माल वाहता येतो हे दाखवले गेले आणि त्याच धर्तीची रेल्वे त्यांनी १९०४ मध्ये इंग्लंडच्या मॅनिफोल्ड खोऱ्यात बांधली. काल्पनिक मराठी रेल्वेला यापेक्षा सोयीचा पूर्वज मिळणार नाही.

डेनी यांचा एकच 'तर' इथे लावून पाहता येतो. कऱ्हाड आणि चिपळूण जोडणाऱ्या मार्गाची चर्चा वर्षानुवर्षे होत राहिली, मार्ग झाला नाही. कॅल्थ्रॉपच्या धर्तीची एखादी लहान कंपनी १९२०च्या दशकात कऱ्हाडहून कोयनेच्या खोऱ्यात पाटण, हेळवाकपर्यंत गेली आणि कुंभार्ली घाटाच्या माथ्याशी पैसा संपल्यामुळे थांबली, असे मानले की पुढचे प्रश्न आपोआप उभे राहतात. कऱ्हाडचे स्टेशन गावात नाही, कृष्णेच्या पूर्वेला ओगलेवाडीशी आहे. म्हणून नव्या रेल्वेला गावात शिरण्यासाठी कृष्णेवर पूल हवा आणि मुख्य मार्गाच्या वाघिण्यांतला माल लहान वाघिण्यांत भरण्यासाठी ओगलेवाडीला यार्ड हवे. ओगले काच कारखाना तिथे होताच, तेव्हा कंदिलांच्या काचा हा पहिला माल. खालून गूळ आणि शेंगा, वरून लाकूड. आणि १९५०च्या दशकाच्या उत्तरार्धात कोयना धरणासाठी सिमेंट. यांतली एकही गोष्ट हौशीला शोधून आणावी लागत नाही, सगळ्या तिथेच आहेत.

नावांचेही तसेच. 'कऱ्हाड–पाटण लाइट रेल्वे' हे नाव बार्शीच्या वळणाचे असल्यामुळे खपते. 'सह्याद्री एक्स्प्रेस लाइन्स' असले भारदस्त नाव मात्र जाहिरातीतले वाटते आणि काळाशीही जुळत नाही. मधल्या थांब्यांची नावे या खोऱ्यातल्या वाड्या आणि पेठा यांच्या रीतीने घडावीत. मल्हारपेठ हे खरे गाव वाटेवर आहे, त्याच्या शेजारी दुसरी पेठ कल्पिता येईल, पण कोकणी वळणाचे एखादे '-वली' घाटाच्या या बाजूला लगेच उपरे ठरेल. गाव मैलभर दूर असेल तर नावापुढे 'रोड' लावण्याची भारतीय रेल्वेची सवय सावंतवाडी रोड, वसई रोड यांत दिसते आणि एका शब्दात गावाची अर्धी मांडणी वाचवते, कारण मग गाव दाखवावे लागत नाही, एक टांगा आणि धुळीचा रस्ता पुरतो.

वर्ष ठरले की पाटीवरचे रंग ठरतात. कऱ्हाडवरून जाणारा पुणे–मिरज हा मार्ग तेव्हा मीटरगेज होता आणि १९५१च्या पुनर्रचनेत तो दक्षिण रेल्वेत गेला, तेव्हा १९५८ सालचे कऱ्हाड दाखवताना शेजारच्या मीटरगेज डब्यांवर मध्य रेल्वेची अक्षरे चालणार नाहीत. बार्शी लाइट रेल्वे १९५४ साली सरकारने घेतली. आपली काल्पनिक कंपनी तेव्हा सुटली की तिचेही तसेच झाले, हे कर्त्याला लिहून ठेवावे लागेल, कारण इंजिनाच्या टाकीवर कंपनीची आद्याक्षरे ठेवायची की पुसायची हे त्यावर अवलंबून आहे. बहुतेक हौशी मंडळी रेल्वेचा जन्म हौसेने लिहितात आणि शेवट विसरतात, मात्र आज ती का दिसत नाही हे सांगितल्याशिवाय कल्पना नकाशात बसत नाही. इथे शेवटही हाताशी आहे : १९४८ साली राज्यात एसटीची बस धावू लागली, धरणाचे सिमेंट १९६०च्या दशकात संपले आणि पुढे मुख्य मार्ग ब्रॉडगेज झाल्यावर ओगलेवाडीच्या यार्डाला काम उरले नसते. त्यामुळे मांडणीसाठी १९५८च घ्यावे. त्या वर्षी सिमेंटच्या वाघिण्याही आहेत आणि स्टेशनाबाहेर उतारू पळवणारी एसटीही उभी आहे.