पिंप घासलंत का?

मे महिन्यात नणंदेकडे गेले होते. शहापूर तालुक्यात, डोळखांबच्या बाजूला तिचं घर. एसटीतून उतरले तर रस्त्याच्या कडेला निळ्या पिंपांची रांग, आणि पिंपांच्या सावलीत बसलेल्या बायका. टँकर यायचा होता.

घरात पाऊल टाकलं तर सगळे गप्प. चार वर्षांच्या नातवाचं पोट महिन्याभरात तिसऱ्यांदा बिघडलं होतं. आरोग्य केंद्रातून औषध आणलं होतं, जलसंजीवनी चालू होती, पोरगं आता जरा खेळायला लागलं होतं. पण सूनबाईचा चेहरा उतरलेला. कारण वन्सं दोन दिवस एकच घोकत होत्या, “हिच्या हाताला स्वच्छता म्हणून नाही!” आणि मांडणीवर तर हंडे-कळश्या अशा लखलखत होत्या, की त्यांत तोंड पाहून कुंकू लावावं!

शहापूरचं दुखणं जुनंच आहे. तानसा धरण १८९२ सालचं. पुढे भातसाही झालं. या तालुक्यातल्या पाण्यावर मुंबईचे नळ वाहतात. शेजारच्या मुरबाडातही पाऊस काही कमी पडत नाही. पण खाली काळा कातळ. पावसाळ्यात धो धो पडलेलं पाणी उतारानं निघून जातं आणि उन्हाळ्यात विहिरी तळ गाठतात. मग कित्येक वाड्या-पाड्यांवर टँकर. आणि टँकर आला म्हणजे पाणी साठवणं आलं.

दुपारी आशाताई आली. तिच्याजवळ पाणी तपासायची छोटी पेटी होती. पाण्यात औषधाचे थेंब टाकायचे. क्लोरीन असला तर पाणी पिवळं होतं. नुकत्याच आलेल्या टँकरच्या पाण्याला छान पिवळसर रंग आला. मग तिनं स्वयंपाकघराजवळच्या पिंपातलं, परवाच्या टँकरचं पाणी घेतलं. रंगच नाही!

“परवा मीच तपासलं होतं, तेव्हा होता की रंग. गेला कुठं?” असं म्हणत तिनं पिंपाच्या आतल्या बाजूवरून बोट फिरवलं आणि आमच्यापुढे धरलं. बोटावर पारदर्शक, शेंबडासारखा बुळबुळीत थर.

“रोज धुते हो मी,” सूनबाई म्हणाली. धूत होती, खरंच. पण नुसतं विसळून. आणि बऱ्याचदा जुन्या पाण्यावरच नवं पाणी. आपण सगळ्याच तसं करतो. पाणी ओतून द्यायला जीव होतो का?

मैत्रिणींनो, ही बुळबुळ म्हणजे शेवाळ नव्हे. शेवाळ हिरवं असतं, दिसतं तरी. ही असते डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवाणूंची वस्ती. पाणी कुठंही साठलं, की त्यातले जिवाणू भिंतीला चिकटतात, स्वतःभोवती डिंकासारखं काहीतरी सोडतात आणि त्या डिंकात सुखानं वाढतात. सकाळी दातांवर जीभ फिरवली की जो थर लागतो, तोच हा प्रकार. चूळ भरून तो जातो का? घासावंच लागतं.

पाण्यातला क्लोरीन थोडा उन्हाने, हवेने उडतोच. उरलेला या थराशी झुंजण्यात खर्च होतो. वरचे जिवाणू मरतात, डिंकाखालचे तगून राहतात. पाण्याला पहारेकरी उरला नाही, की मग एखाद्या न धुतलेल्या हातानं गेलेली घाणही पोट बिघडवायला पुरते.

माझी भाची ठाण्याला असते. तिच्या दिवाणखान्यातल्या माशांच्या पेटीतही हाच थर धरतो, नळीत तर हमखास. पण तिथं तो सगळाच घासून काढायचा नसतो. माशांच्या घाणीतलं विष पचवणारे जिवाणू त्यातच राहतात. नळी तुंबली तर ती साफ करायची, गाळणीचा स्पंज मात्र पेटीतल्याच पाण्यात हलके पिळायचा. माशांना जे मानवतं ते आपल्या पिण्याच्या पाण्यात मात्र नको!

आता मुद्द्याचं. पाणी मोजून मिळतं तिथं पिंप घासायचं कसं? माझं माहेर मुरबाडचं, टोकावड्याकडचं. माझ्या भावजयीची युक्ती मला आवडली. तिनं दोन पिंपं ठेवली आहेत. एक पूर्ण संपल्याशिवाय दुसऱ्याला हात लावत नाही. टँकरच्या दिवशी सकाळी रिकामं पिंप आडवं करते आणि तळाला उरलेल्या तांब्या-दोन तांब्या पाण्यातच काथ्यानं आतून खसाखसा घासते. काठाखाली आणि तळाच्या कडेला जास्त. ते गढूळ पाणी अळूच्या वाफ्याला.

मग अर्धी बादली, म्हणजे ५ लिटर पाण्यात, एक चहाचा चमचा टीसीएल पावडर कालवायची. ग्रामपंचायतीत असते ती. वरची निवळ घेऊन फडक्यानं पिंपाला आतून सगळीकडे पुसायची, अर्धा तास तसंच ठेवायचं, मग कळशीभर पाण्यानं विसळायचं. वेळ असेल तर उन्हात कडकडीत वाळवायचं. आठवड्यातून एकदा एवढं केलं तरी पुष्कळ. डेंग्यूच्या डासाची अंडीही पाण्याच्या रेषेपाशी भिंतीलाच चिकटलेली असतात. तीही घासण्यानंच निघतात.

क्रम मात्र चुकवू नका. आधी घासणं, मग औषध. न घासता कितीही पावडर ओतली तरी ती थराच्याच पोटात जाते.

आणि पिंपातून पाणी काढायची ती नळी! एक टोक पिंपात, दुसरं तोंडात धरून आपण पाणी ओढतो. तिच्या आत कधी पाहिलंय? दोरीला चिंधीची गाठ बांधून ती नळीतून आरपार ओढा. काय निघतं ते बघाच. मग टीसीएलचं पाणी भरून दोन्ही टोकं अर्धा तास बांधून ठेवा, विसळा आणि दोरीवर लोंबती वाळवा. आत हिरवी-काळी झाली असेल तर सरळ बदला. पाणी ओढण्यासाठी तोंड लावण्यापेक्षा नळी पाण्यानं भरून, टोक अंगठ्यानं दाबून खाली सोडा. पाणी आपोआप येतं.

एवढं लक्षात ठेवा

* टीसीएलमध्ये संडास धुवायचं अ‍ॅसिड कधीही मिसळू नका; विषारी वायू निघतो.
* काम मोकळ्या हवेत करा, पिंपात डोकं घालू नका. पावडर मुलांपासून दूर, कोरड्या जागी, घट्ट झाकून ठेवा.
* तांब्या-पितळेच्या भांड्यांना टीसीएल नको. त्यांना आपली चिंच बरी. पण आतूनही घासा.
* रसायनांची जुनी पिंपं स्वस्त मिळतात म्हणून पिण्याच्या पाण्याला घेऊ नका.
* पिंपावर झाकण, आणि पाणी काढायला दांड्याचं ओगराळं.

त्या संध्याकाळी वन्संनी स्वतः पदर खोचला. सासू-सुना दोघींनी मिळून पिंप आडवं केलं. घासताना वन्सं म्हणाल्या, “वहिनी, कळशी बाहेरून घासण्यात जन्म गेला. पिंपाच्या आत हात घाल, असं कुणी सांगितलंच नाही.” मग सुनेकडे न बघताच म्हणाल्या, “तू बस आता जरा. मी विसळते.”

सूनबाई बसली नाही. पण हसली.