जुन्या-नव्या बॅटरीची जोडी का टिकत नाही?

छपरावर सोलर पॅनेल, खाली इन्व्हर्टर आणि दोन बॅटऱ्या अशी घरे आता आपल्या सभासदांतही बरीच आहेत. वीज गेली तरी मुलांचा अभ्यास थांबू नये, हा त्यामागील साधा हेतू. चार-पाच वर्षांनी दोहोंपैकी एक बॅटरी बसते. दुसरी ‘अजून चालते’ म्हणून आपण एकच नवी आणतो. काही हजार वाचल्याचे समाधान मिळते. पण पुढे नवीही वेळेआधीच बसते. दोष कंपनीला दिला जातो. आमच्या मते तो बहुधा जोडणीचा असतो.

विद्यार्थी मित्रांनी शाळेत एकसर व समांतर जोडणी शिकलेली असते. 12 व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकसर जोडल्या की 24 व्होल्ट मिळतात आणि दोघींतून एकच विद्युतधारा वाहते. सारी गोम येथेच आहे. समजा, नवी बॅटरी दीडशे ‘एएच’ची, म्हणजे 150 अँपिअर-तासांची आहे आणि जुनीत 90 उरले आहेत. 10 अँपिअरचा भार असेल तर ढोबळ हिशेबाने नऊ तासांत जुनी रिकामी होईल. नवीत तेव्हा 60 शिल्लक असतील. इन्व्हर्टरला मात्र दोघींची बेरीजच दिसते. नवी 12.2 व जुनी 9 व्होल्टवर असली तरी बेरीज 21.2 भरते. इन्व्हर्टर 21 व्होल्टला बंद होणारा असेल तर तो चालूच राहतो आणि मेलेल्या बॅटरीतून धारा ओढत राहतो. तिच्यातील एखाद्या दुबळ्या घटाची ध्रुवताही मग उलटते.

सकाळी ऊन आले की उलट बाजूने नुकसान होते. चार्जर 28.8 व्होल्ट देतो, प्रत्येकीला 14.4 मिळावेत या हिशेबाने. पण जी धारा नवीला सहज पेलते, ती जुनीला जड जाते. तिचे व्होल्टेज लवकर चढते. जुनी 15.4 वर, नवी 13.4 वर, आणि बेरीज पूर्ण! चार्जर धारा कमी करतो. जुनीतील पाणी वायू होऊन उडते. नवी रोज अर्धपोटी राहते आणि तिच्या पट्ट्यांवर सल्फेट घट्ट बसते. नवी बॅटरी बिघडते ती अशी, उपासमारीने.

समांतर जोडणी त्यामानाने सोशिक आहे. व्होल्टेज दोघींचे एकच राहते व धारा ज्याच्या त्याच्या ताकदीने वाटली जाते. एकाच प्रकारच्या, जवळपास एकाच वयाच्या 100 व 150 अँपिअर-तासांच्या बॅटऱ्या अशा चालू शकतात. प्रत्येकीला स्वतंत्र फ्यूज मात्र हवाच. जुनीतील एक घट शॉर्ट झाला तर नवी आपली सारी शक्ती तिच्यात ओतते आणि तारा तापतात. शिशाची बॅटरी व लिथियमची बॅटरी मात्र कोणत्याही रीतीने थेट जोडू नये. दोघींची चार्ज होण्याची रीतच वेगळी आहे.

जुनीत किती दम उरला आहे हे घरी तपासता येते. ती पूर्ण चार्ज करून रात्रभर सोडावी. मग मोटारीचा 12 व्होल्टचा 60 वॅटचा बल्ब लावावा. तो सुमारे 5 अँपिअर घेतो. 11.5 व्होल्टपर्यंत उतरायला किती तास लागले ते वहीत लिहावे. तास गुणिले पाच, हा अंदाज. खोली हवेशीर असावी आणि जवळ विडी-काडी नसावी, कारण चार्जिंगमध्ये हायड्रोजन निघतो. हातातील अंगठी व कडेही काढून ठेवावे.

आकडा बरा आला तर जुनीला नवीशी न जोडता वेगळे लहान पॅनेल व वेगळा चार्ज कंट्रोलर द्यावा. जिन्यातील दिवा, अभ्यासाच्या टेबलावरील एलईडी एवढे काम ती निमूटपणे करील. 24 व्होल्टच्या इन्व्हर्टरसाठी मात्र एकाच कंपनीच्या, एकाच महिन्यात बनलेल्या दोन बॅटऱ्या एकदम घ्याव्यात. पैसे कमी पडत असतील तर महिना-दोन महिने थांबून घ्याव्यात. अगदीच निकामी झालेली बॅटरी विक्रेत्याकडेच परत द्यावी, 2022 च्या बॅटरी कचरा नियमांतही ती संकलन किंवा पुनर्चक्रण करणाऱ्यांकडे सोपवावी अशी अपेक्षा आहे. आतील शिसे विषारी असते, म्हणून ती अंगणात फोडू नये आणि मुलांना तर तिच्याजवळ फिरकूही देऊ नये.