आवाजाची वाट : स्टुडिओपासून मनोऱ्यापर्यंत

वैतरणा नदी समुद्रास मिळते तेथें, तिच्या उत्तर तीरावर, दातिवरे हें गांव आहे. तेथील तांडेलाची होडी खोल पाण्यांत गेली म्हणजे किनाऱ्यावरची हांक तिच्यापर्यंत पोहोंचत नाहीं. पुष्कळ वर्षें वादळाचा इशारा पोहोंचे तो रेडिओच्या लहानशा पेटींतून. ११ नोव्हेंबर १९०९ चें नव्हे, तर अगदी अलीकडचें, ११ नोव्हेंबर २००९ चें 'फयान' वादळ कोंकणच्या मच्छीमारांस चांगलेंच आठवत असेल. अशा वेळीं इशाऱ्यांतील दिशेचा एक शब्द खरखरींत बुडाला, तर बाकीचें वाक्य ऐकूं येऊनहि उपयोग काय?

मुंबईचें नभोवाणी केंद्र २३ जुलै १९२७ रोजीं लॉर्ड आयर्विन यांच्या हस्तें सुरू झालें. प्रक्षेपकाची शक्ति अवघी दीड किलोवॅट होती. पुढें शक्ति पुष्कळ वाढली आणि मोठे प्रक्षेपक शहराबाहेर मालाडकडे गेले. स्टुडिओ मात्र चर्चगेटला. मधलें अंतर आवाजानें काटावयाचें कसें, हा येथला खरा प्रश्न आहे.

मायक्रोफोनमधून निघणारा विद्युत्प्रवाह इतका क्षीण असतो कीं, त्याचा दाब व्होल्टाच्या हजारांशांत मोजावा लागतो. तो वाढवून तारेवर सोडतात. त्याची रूढ पातळी एक मिलिवॅट, म्हणजे सहाशें ओहमच्या तारेवर सुमारें पाऊण व्होल्ट. वाटेंत विजेच्या दिव्यांच्या तारांची गुणगुण त्यांत शिरूं पाहते. त्यावर तोड अशी : आवाज दोन तारांतून उलटसुलट पाठवावयाचा. गुणगुण दोन्ही तारांत सारखीच शिरते, आणि शेवटच्या ट्रान्सफॉर्मरमध्यें सारखें तें परस्पर नाहींसें होऊन केवळ भेद तेवढा पुढें जातो. लांब तार आणखी एक खोडी करते. ती उंच स्वर अधिक गिळते. 'स' आणि 'श' यांतला फरक त्या उंच स्वरांतच असल्यामुळें, तारेच्या टोंकाशीं 'समकारक' बसवून मंद्र स्वर मुद्दाम तितकेच दाबतात.

प्रक्षेपकाच्या नियंत्रण-कक्षांत खरी कसोटी लागते. वाहक लहरीची उंची आवाजाच्या चढउताराप्रमाणें कमीजास्त करावयाची असते. आवाज मर्यादेबाहेर गेला, तर लहर क्षणभर शून्यावर येऊन तुटते; शब्द फाटतो व शेजारच्या केंद्रांवरहि तडतड उडते. आवाज कमी ठेवावा, तर तोहि तोटाच. मर्यादेच्या नव्वद टक्क्यांऐवजीं तीसच टक्के वापरले, तर शब्द वाहून नेणारी शक्ति एक तृतीयांश नव्हे, एक नवमांश उरते. पावसाळ्यांतील विजांच्या कडकडाटापुढें तिचा काय पाड लागणार?

म्हणून वाटेंत 'मर्यादक' असतो. आवाज उसळतांच तो सेकंदाच्या हजारांशांत वाढ आंखडतो, आणि मग सावकाश सैल सोडतो. सावकाशच सोडला पाहिजे. घाई केल्यास प्रत्येक विरामांत पार्श्वभूमीची खसखस धापा टाकल्यासारखी वर येते. एखाद्या ख्यालांतील मंद आलाप भलताच ठळक वाटला, तर श्रोते गवयाच्या गळ्यास बोल लावतात. पुष्कळदां अपराध या पेटीचा असतो. बातम्यांस व इशाऱ्यांस मात्र तिच्याइतका दुसरा मित्र नाहीं.

येथून पुढें आकडे एकदम दांडगे होतात. जुन्या पद्धतीच्या शंभर किलोवॅट व्हॉल्व्ह-प्रक्षेपकास पूर्ण चढउतार देण्यासाठीं ५० किलोवॅटचा निव्वळ आवाज पुरवावा लागतो. मायक्रोफोनांतील तीच कुजबूज इतकी फुगलेली असते कीं, तिच्या ट्रान्सफॉर्मरजवळ उभें राहिल्यास लोखंडच बोलतांना ऐकूं येतें.

एवढें होऊनहि अभियंता तारेवर विश्वासून बसत नाहीं. आलेला आवाज आणि मनोऱ्यावरून प्रत्यक्ष आकाशांत गेलेला आवाज, हे दोन्ही तो एका खटक्यानें आळीपाळीनें ऐकतो. पहिला स्वच्छ व दुसरा फाटका असेल तर दोष प्रक्षेपकाचा. दोन्ही फाटके असतील तर चर्चगेटला टेलिफोन करावयाचा.