वाकवलेल्या लाकडाला कोणता गोंद?

आज आपण गोंदाविषयी बोलणार आहोत. चौरंग, पाट आणि लाकडी खेळणी करणाऱ्या एका गटाने आम्हाला विचारलं आहे, "गिटारच्या कडेच्या पट्ट्या करून द्यायचं काम येतंय. आधी नमुन्याच्या चार जोड्या द्यायच्या आहेत. दोन पातळ पट्ट्या एकावर एक चिकटवून, साच्यात वाकवून द्यायच्या. परवडेल असा गोंद कोणता घ्यावा?" लाकडासाठी त्या गटाच्या बचतीतून कर्ज उचलणार आहेत. नमुना फसला तर काम हातचं जाईल आणि हप्ता मात्र भरावाच लागेल. म्हणून हा प्रश्न नीट सोडवू या.

आधी काम समजून घेऊ. मिरजेचा तंबोरा आपल्या ओळखीचा आहे. त्याचा भोपळा पंढरपूर, मंगळवेढ्याच्या बाजूच्या शेतातून येतो, आणि गोलाई त्याला निसर्गानेच दिलेली असते. गिटारचं तसं नाही. तिची कंबर आत गेलेली, खालचा भाग रुंद, म्हणजे आकार इंग्रजी आठासारखा. हा आकार सरळ लाकडाला द्यावा लागतो. एकच पट्टी उष्णतेने वाकवता येते किंवा दोन-तीन पातळ पट्ट्या साच्यात एकत्र चिकटवता येतात. चिकटवलेली पट्टी जास्त ताठ असते आणि रेषेवर सहज चिरत नाही.

आता घरातली एक जाड वही घ्या आणि वाकवा. कडेला पानं एकमेकांवरून सरकलेली दिसतील. सोडली की वही पुन्हा सरळ. पण वाकवलेली असतानाच सगळी पानं एकमेकांना पक्की चिकटवली, तर वही वाकलेलीच राहील, कारण पानांना सरकून परत जागेवर यायला वाव उरला नाही. गिटारच्या पट्टीत गोंदाचं काम हेच आहे. नुसतं घट्ट धरून भागत नाही, पदर सरकूही द्यायचे नाहीत. चौरंगाचा जोड दाबून बसलेला असतो. इथे मात्र लाकूड रात्रंदिवस सरळ व्हायला बघतं आणि गोंदाला ओढत राहतं.

आता एकेक गोंद पाहू.

पहिला, पांढरा गोंद. आपण सरसकट त्याला फेविकॉल म्हणतो. तो स्वस्त आहे, तालुक्याला कुठेही मिळतो, ओल्या फडक्याने पुसला जातो. चौरंगाला तो उत्तम. पण सुकल्यावरही तो थोडा लवचीक राहतो. सतत ओढ असली की हळूहळू सरकतो आणि उन्हात तापला की लवकर मऊ पडतो. शिवाय त्यात पाणी असतं. पातळ पट्ट्या ते पाणी पितात, फुगतात आणि सुकताना आकार बदलतात. एकाच नावाखाली याचे बरेच प्रकार मिळतात. 'पाण्याला टिकणारा' असं डब्यावर लिहिलं, म्हणजे तो सरकणार नाही असं समजू नका. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

याचाच भाऊ म्हणजे पिवळा गोंद. तो सुकल्यावर जास्त कडक होतो, सरकतो कमी. परदेशात गिटार बनवणारे तो खूप वापरतात. पण त्यांची पट्टी लगेच वरच्या-खालच्या फळीला जोडली जाते आणि मग पेटीच तिचा आकार धरून ठेवते. आपल्याला सुटी पट्टी पाठवायची आहे. ती टेम्पोत तापेल, गोदामात पडून राहील, आणि तरी साच्याला जुळायला हवी. आपली गरज अधिक कडक गोंदाची आहे.

दुसरा, सरस. जनावरांच्या कातड्या-हाडांपासून केलेला हा गोंद वाद्यांच्या कामात फार जुना आहे. तो कडक सुकतो आणि ऊब-ओलावा देऊन जोड पुन्हा उघडता येतो, म्हणून दुरुस्तीला सोयीचा. पण तो पाण्याच्या भांड्यात ठेवून साधारण 60 अंशांवर गरम ठेवावा लागतो, फार तापवला तर ताकद जाते. लावल्यावर तो पटकन थिजतो. लांब पट्टीभर लावून साच्यात बसवेपर्यंत वेळ पुरत नाही. दमट हवेत तो नरमही पडतो. या कामाला तो नको.

तिसरा, प्लायवूडवाले वापरतात तो युरिया फॉर्मल्डिहाइडचा गोंद. त्यात हार्डनर घालावा लागतो. तो स्वस्त आहे, काचेसारखा कडक होतो, सरकत नाही. गिटारच्या पट्टीला गुणाने हा चांगलाच. पण त्यातून फॉर्मल्डिहाइडची वाफ निघते. डोळे चुरचुरतात, घसा खवखवतो. या वायूने माणसाला कर्करोग होऊ शकतो, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने 2004 साली जाहीर केलं. ज्या गटाचं काम ओसरीवर चालतं, शेजारी चूल आणि खेळतं मूल असतं, त्यांनी हा गोंद घरात आणू नये. वेगळी, मोकळ्या हवेची शेड असेल आणि काम मोठं असेल तरच विचार करा. तो फार दिवस टिकतही नाही, त्यामुळे चार जोड्यांसाठी मोठा डबा घेतला तर उरलेला फुकट जातो.

चौथा, दोन नळ्यांचा किंवा दोन डब्यांचा इपॉक्सी. त्यात पाणी नसतं, म्हणून पट्ट्या फुगत नाहीत. तो कडक होतो आणि सावकाश सुकणारा घेतला तर साच्यात बसवायला वेळ मिळतो. पाच मिनिटांत सुकणारा मात्र घेऊ नका. किलोचा भाव ऐकून छातीत धस्स होतं. पण आपण हिशोब करू या.

एक पट्टी साधारण 80 सेंटिमीटर लांब आणि 11 सेंटिमीटर रुंद. दोन पदरांमध्ये गोंदाचा एकच थर. एका चौरस मीटरला 200 ग्रॅम धरला, तर एका पट्टीला सुमारे 18 ग्रॅम लागतो. जोडीला 36, सांडलवंड धरून 50 ग्रॅम. म्हणजे एक गोंद दुसऱ्यापेक्षा किलोमागे 1000 रुपयांनी महाग असला, तरी एका जोडीमागे फरक 50 रुपयांचा. आणि एक जोडी उघडली तर लाकूड गेलं, दोन दिवसांची मजुरी गेली, वर गिऱ्हाईकाचा विश्वास गेला. गोंदाचा भाव किलोवर पाहू नका, न बिघडलेल्या जोडीवर पाहा. तसं पाहिलं तर चार-दहा जोड्यांना छोट्या पॅकचा इपॉक्सीच परवडतो.

तरी कुणाच्या सांगण्यावर कर्ज उचलू नका, आमच्याही नाही. आधी हा प्रयोग करा. टाकाऊ पातळ पट्ट्यांचे हातभर तुकडे घ्या. एक जोडी पांढऱ्या गोंदाने, एक इपॉक्सीने चिकटवा. एकाच साच्यात, सारखा दाब देऊन, पूर्ण एक दिवस ठेवा. काढल्याबरोबर कागदावर ठेवून पेन्सिलने आकार उतरवा, तारीख घाला. मग तुकडे आठवडाभर पत्र्याखाली, गरम जागी ठेवा आणि पुन्हा त्याच रेघेवर धरून पाहा. किती उघडला ते पट्टीने मोजा. शेवटी जोडात चाकू घालून फोडा. लाकूड फाटलं तर जोड चांगला. गोंदाचा थर स्वच्छ सुटला तर तो कच्चा. हे सगळं गटाच्या वहीत लिहा. दर ठरवताना भाव वाढवून मागायला तीच वही उपयोगी पडेल.

इपॉक्सी वापरताना हातमोजे घालाच. अंगाला वारंवार लागला तर कायमची खाज आणि पुरळ मागे लागतं. लागलाच तर साबण-पाण्याने धुवा, थिनरने नाही. दोन्ही भाग पॅकवर लिहिलेल्या प्रमाणातच मोजून घ्या, हार्डनर जास्त घातल्याने जोड लवकर किंवा घट्ट होत नाही. एका वेळी थोडाच कालवा, वाटीत खूप कालवला तर तो तापून तिथेच आवळतो. स्वयंपाकाची वाटी-चमचा यासाठी वापरू नका. घासताना नाकाला फडकं नको, चांगला मास्क लावा आणि लहान मुलांना लांब ठेवा.

प्रयोग झाला की तुमच्या वहीतले आकडे आमच्याकडे पाठवा. कोणतं लाकूड, कोणता गोंद, किती उघडलं, एवढं लिहिलं तरी पुरे. ते आम्ही इथून वाचून दाखवू, म्हणजे दुसऱ्या गटाला सुरुवात करताना लाकूड वाया घालवावं लागणार नाही.